साडेतीन वर्षांच्या लेकीचं बाळंतपण

सुईनबाई कुठल्याही घरात शिरली तरी आधी बाळाकडे बघत नसे. घरातली माणसं पाळण्यावरचं फडकं बाजूला सारून कौतुकानं बोलवायची, "या बाई, पाहा तरी कसा आहे," आणि ती पाळण्याला वळसा घालून सरळ आतल्या खोलीत जायची. "माय कुठी हाय?" हा तिचा पहिला प्रश्न. आई दिसली की तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, तळपायाला हात लावून गार आहे का ऊन ते बघायची, आणि मग घरच्यांकडे वळून विचारायची, "इनं सकाळपासून काय खाल्लं?" उत्तर देताना कोणी चाचरलं तर त्या घराची धडगत नसे. बाळाची पाळी सगळ्यात शेवटी. "लेकराले पाहाले अख्खं गाव येते," ती म्हणायची, "मायले पाहाले कोनी येत नाई. म्हनून मी येतो."

धानोऱ्यापासून चार कोसांवरच्या जंगलातल्या एका गावची ती. बुटकी, काळीसावळी, आणि अंगाच्या मानानं हात एवढे मोठे की ते दुसऱ्याच कोणाचे असावेत असं वाटे. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली. आसपासच्या तीस-चाळीस गावांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती. पुढं बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली तेव्हा लोकांना वाटलं, आता हिचं काम संपलं. ती म्हणाली, "बरं झालं. दवाखान्यानं पोराचं पाहावं, मी मायचं पाहातो." आणि दवाखान्यातून घरी आलेल्या बायकांना चोळायला, शेकायला ती पायी गावोगाव हिंडत राहिली.

मी तिला ओळखत होते ते तराजूच्या पलीकडून. धानोऱ्याच्या बाजारात मी चारोळी, हिरडा, डिंक घेते. एका टोपलीवर सुरुवात केली होती; आज माझं गोदाम आहे, गाडी आहे, आणि त्यातलं काहीही मला सासरनं किंवा माहेरनं दिलेलं नाही. माझ्याशी भाव करायला येणारा माणूस आधी चहा पिऊन येतो असं बाजारात म्हणतात. जीभ तिखट आहे, राग लवकर येतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, कारण त्याच जिभेवर आमचं घर उभं राहिलं होतं. एकच गोष्ट तिच्यानं होत नव्हती. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि आमच्या घरी मूल नव्हतं.

आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, म्हणाले, "घरात माझा लहाना पोरगा असताना बाहेरचं काऊन?" त्यांचा डोळा पोरावर किती आणि गोदामावर किती होता हे मला कळत होतं. मी नाही म्हटलं. चंद्रपूरच्या एका संस्थेतून आम्ही काजलला आणलं त्या दिवशी ते दारात उभे होते. साडेतीन वर्षांची पोरगी यांच्या कडेवर, गल्लीतल्या बायका गोळा झालेल्या, आणि भासरे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंदा, तू तर भाव केल्याबिगर सुई बी घेत नाई. ही किती भावात पाडली वं?" बायका हसल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरची पायरी चढलेले नाही, आणि चढणारही नाही.

चौथ्या दिवशी सुईनबाई आली. मी गोदामात हिरड्याची पोती शिवून घेत होते. बाहेर तिचा आवाज आला, आमच्या ह्यांना विचारत होती, "माय कुठी हाय?" हे म्हणाले, "काजल आत खेळून राह्यली, बाई." "पोरगी नाई विचारली, भाऊ. माय विचारली." मग ती गोदामात आली, माझ्या हातातला दाभण काढून बाजूला ठेवला, आणि सगळ्या हमालांसमोर माझी पापणी ओढून पाहिली.

"झोपली कधी होती?"

"झोपते ना बाई. पोरगी रातभर उठते, मग..."

"उद्यापासून तू बाळंतीन. सव्वा महिना. बाजेवरून उठाचं नाई."

मला हसूच आलं. "बाई, पोरगी साडेतीन वर्षांची आहे!"

"मंग? उशिरा आली. उशिरा आलेल्याले बाळंतपन नसते काय?"

तिच्या कामाचं काय द्यायचं ते आधी ठरवावं म्हणून मी सवयीनं तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला. "बाळंतपनात भाव होत नाई. एक लुगडं आन् सुपभर तांदूळ. साऱ्यायले तेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच माझी बाज मांडली गेली. खाली शेगडी, डोक्याला फडकं, कानात कापूस. ओव्याची धुरी, डिंकाचा लाडू, आणि मग चोळणं. माझ्या पाठीवर पहिला हात पडला आणि ती म्हणाली, "ही पाठ नाई. सागाची फळी हाय." ती रोज तेच म्हणायची आणि रोज त्या फळीतून थोडंथोडं काढत राहायची. तिसऱ्या दिवशी तिचा अंगठा खांद्याखाली कुठंतरी रुतला आणि मी रडायला लागले. दुखलं म्हणून नव्हे. अकरा वर्षांत कितीतरी घरच्या बारशांना मी हसत जाऊन आले होते, ते सगळं एकदम वर आलं. सुईनबाईनं का रडतेस म्हणून विचारलं नाही, की उगी उगीही केलं नाही. फक्त तेल बदललं आणि पुढं चोळत राहिली.

गल्लीत अर्थातच खेळ झाला. "बिनापोटाची बाळंतीन" असं माझं नाव पडलं. शेजारची एक जण मुद्दाम डोकावून म्हणाली, "मंदाबाई, टाके दुखतात काय?" मी शिवी हासडायला उठणार तोच सुईनबाईनं मला एका हातानं बाजेवर दाबलं आणि दुसऱ्या हातानं तिला आत बोलावलं. "ये वं, बस. तुले किती महिने लागले होते?" ती म्हणाली, "नऊ." "इले अकरा वर्सं लागले. आता सांग, कोनाचं अंग जास्त दुखन?" ती बाई बसली. थोड्या वेळानं तीच लसूण सोलायला लागली. पुढचे आठ दिवस ती रोज येत होती.

आमच्या ह्यांनाही तिनं सोडलं नाही. हे स्वभावानं थंड. घरात आवाज चढला की गोदामात जाऊन बसायचे आणि पोरगी झोपल्यावर परतायचे. सुईनबाईनं त्यांना पाणी तापवायला लावलं, पोरीला भरवायला लावलं, आणि एक गोष्ट सक्तीची केली. रोज संध्याकाळी चौकात जाऊन मित्रांत बसून चहा पिऊन यायचं. "लपाले जाऊ नका, भाऊ. सांगून जा, आन् हासत या. घरात तिघंही रडके झाले तं लेकरू कोनाकडे पाहीन?" माझ्या आयुष्यात नवऱ्याला चौकात पिटाळणारी ती पहिली बाई.

आणि माझ्या रागासाठी तिच्याकडे एकच औषध होतं. "राग आला का पाय धू. मंग ओट्यावर बस. पाय वाळेपर्यंत बोलाचं नाई." मी म्हटलं, "बाई, माझा राग पायात नाही, डोक्यात असतो." ती म्हणाली, "डोकं तुझं ऐकते काय? नाई ना? पाय तरी ऐकतात." मी पाय धुतले, पुसले, आणि घरात गेले. तिनं परत बाहेर काढलं. पुसलेले चालत नव्हते. वाळलेले पाहिजे होते.

बाविसाव्या दिवशी संस्थेच्या ताई घरभेटीला आल्या. दत्तकाचा शेवटचा कागद अजून व्हायचा होता, म्हणून पोरगी कशी राहते, आम्ही कसे वागतो ते बघायला. मी बाजेवर, डोक्याला फडकं, खाली शेगडी. ताई घाबरल्याच. "काय झालं? आजारी आहात का? मग मुलीचं कसं चाललंय?" मी काही बोलायच्या आत सुईनबाई म्हणाली, "बिमार नाई बाई. बाळंतीन हाय." ताईंनी पेन उघडलं, माझ्याकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं. मग पेन बंद करून त्या बाजेच्या कडेवर बसल्या आणि हळूच विचारलं, "हे असं इथं सगळ्यांचंच करतात का?" सुईनबाई म्हणाली, "करत नाईत. कराले पायजे."

इथपर्यंत सगळं गोड वाटत असेल. काजल मात्र जवळ येत नव्हती. दिवसभर एक शब्द बोलायची नाही, मान हलवायची फक्त. रात्री किंचाळत उठायची आणि मी जवळ घेतलं की अंग ताठ करायची. ताटातलं अर्धं खायची आणि अर्धं नाहीसं व्हायचं. ते कुठं जातं हे मला सव्विसाव्या दिवशी कळलं. भाव चढेल म्हणून उन्हाळ्यापासून राखून ठेवलेली चारोळी होती. माल नेणारी गाडी दारात आली, आणि पोतं उघडलं तर आत भाताचे गोळे, पोळीचे तुकडे, अर्धा लाडू, बुरशी आणि मुंग्या. एक नाही, तीन पोती. मी बाजेवरून उठून गोदामात गेले होते. डोक्याचं फडकं सुटलेलं. काजल दारात उभी होती. मी ओरडले, आणि माझा हात वर गेला.

तिनं रडायला हवं होतं, पळायला हवं होतं. तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. कितीतरी वेळा केलेलं काम असावं तशी. माझा हात वरच राहिला. मी तिला मारलं नाही, पण मी मारणार होते हे तिला कळलं होतं आणि मलाही.

मी घरात आले आणि ह्यांना म्हटलं, "ताईंचा नंबर काढा. घेऊन जा म्हणावं. माझ्यानं होत नाही. मी तिची आई होऊ शकत नाही, मी एक दिवस तिला मारून टाकीन." फोन मीच हातात घेतला. सुईनबाई तेल तापवत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"कर ना फोन," ती म्हणाली. "सव्वा महिना झाला का कर. बाळंतीन उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाई तोपर्यंत काही ठरवत बी नाई. बारा दिवस राह्यले."

"तीन," मी म्हटलं. "तीन दिवस थांबते, बाई. त्यापेक्षा जास्त नाही."

"बारा."

"पाच. हे शेवटचं."

"बारा."

मी सात म्हटलं, आठ म्हटलं. ती वाटीतलं तेल बोटानं ढवळत होती. बाजारात मी कित्येकांना असं गप्प बसून जेरीस आणलं आहे. त्या दिवशी ते माझ्यावर होत होतं आणि मला दिसतही होतं. दहावर आले तेव्हा ध्यानात आलं की ती एक दिवसही खाली उतरलेली नाही. "बारा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

"आता झोप पालथी," ती म्हणाली. "पोरीले मारलं नाई तू. पन झोप नाई, आराम नाई, तं उद्या मारशीन. म्हनून आधी झोप." मग ह्यांना म्हणाली, "भाऊ, झाकनाचा एक डबा आना. त्यात लाडू, मुरमुरे, जे असन ते भरा आन् पोरीच्या उशाशी ठेवा. रिकामा होऊ द्याचा नाई. तिले रोज उघडून पाहू द्या." काजलला तिनं काहीच विचारलं नाही. तिला बाजेशेजारी एक पाट दिला, तेलाची रिकामी बाटली खेळायला दिली, आणि आपलं काम चालू ठेवलं. मला सांगितलं, "तिले बोलवू नको. तू पडून राय. निजलेल्या मानसाची भीती वाटत नाई."

ते बारा दिवस मला अकरा वर्षांपेक्षा लांब गेले. पोरगी लांबून बघायची, डबा उघडायची, मोजल्यासारखं आत बघायची, बंद करायची. चार-पाच दिवसांनी पाट थोडा पुढं सरकला. आणखी दोन दिवसांनी आणखी. आठव्या दिवशी दुपारी सुईनबाईचा चोळताचोळता डोळा लागला. मी पालथी पडलेली होते. पाठीवर एक हात पडला. लहान, ओला, तेलानं बरबटलेला. मी तशीच पडून राहिले. तो हात सुईनबाईसारखाच वरून खाली आला, मधे थांबला, थोपटला. आणि माझ्या घरात आल्यापासून पहिल्यांदा काजल पूर्ण वाक्य बोलली. अगदी सुईनबाईच्या सुरात, जड आवाज काढून:

"ही पाठ नाई. सागाची फळी हाय."

सुईनबाईचे डोळे मिटलेलेच होते. पण ती जागी होती, कारण ती म्हणाली, "जोरानं चोळ. मायची हाय."

बारा दिवस भरले. आमच्याकडे रिवाज आहे तसं आता बाळंतिणीनं विहीर पुजायची होती. आमच्या गल्लीतली विहीर बुजून वर्षं झाली, म्हणून आता बोरिंगच्या दांड्याला हळदीकुंकू लावतात. मी नवं लुगडं नेसून निघाले, काजलचं बोट माझ्या हातात. लसूण सोलणारी शेजारीण ताट घेऊन पुढं होती. भासरे आले नाहीत. जाऊ मात्र मागच्या गल्लीनं पदराखाली नारळ लपवून आली आणि काजलच्या डोक्यावरून हात फिरवून तशीच परत गेली. पूजा झाल्यावर सुईनबाईनं मला बाजूला घेतलं. "सव्वा महिना झाला. आता फोन करतं काय?" मी म्हटलं, "बाई, तुम्ही मला फसवलं." ती म्हणाली, "सौदा तू केला. मी तं एकच आकडा बोललो."

लुगडं आणि सुपभर तांदूळ घेऊन ती गेली. एक चोळी मी वर घातली, ती तिनं परत केली.

नंतरची वर्षं सोपी गेली असं मी म्हणणार नाही. दत्तकाचा कागद झाला. टाळेबंदीत बाजार बंद पडला, गोदाम बंद, आम्ही तिघं एका छपराखाली, आणि काजलचं रात्रीचं किंचाळणं परत सुरू झालं. सुईनबाईला येता येत नव्हतं. तिनं कोणाच्या तरी फोनवरून विचारलं, "माय काय खाऊन राह्यली?" त्या दोन महिन्यांत मी एवढ्या वेळा पाय धुतले की काजल म्हणायची, आईच्या पायाला माती लागतच नाही. हे चौकात जाऊ शकत नव्हते, तर मागच्या अंगणात खुर्ची टाकून एकटेच चहा पीत आणि तिथून हसत घरात येत. शेजारी वेड्यात काढायचे. काजलवर माझा हात तेव्हाही पडला नाही, नंतरही नाही. मी ज्या बाजारात वाढले तिथं ही मोठी कमाई समजत नाहीत. मी समजते.

मागच्या हिवाळ्यात सुईनबाई गेली. निरोप आला तेव्हा मी आणि काजल गाडी घेऊन निघालो. ती आता बारा वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांच्यात पुरतात, आणि बायकाही माती द्यायला जातात. घरच्यांची माती देऊन झाल्यावर सुईनबाईच्या थोरल्या मुलानं हाक दिली, "बाईच्या हातचे लेकरं पुढं या."

माणसं पुढं सरकली. मिशा पिकलेले बाप्ये, कडेवर पोर घेतलेल्या बाया, शाळेच्या गणवेशातली पोरं. मी मागं उभी होते. काजलनं माझ्या हातातून हात सोडवला आणि ती त्या रांगेत जाऊन उभी राहिली. मला विचारलंसुद्धा नाही.

रांगेतल्या एका म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "ही कोनाची वं? आपल्या इकडची तं दिसत नाई. हिचं बाळंतपन कुठी केलं होतं बाईनं?"

माझी जीभ कधी अडत नाही. त्या वेळी अडली. भासऱ्यांचं ते बोलणं इतक्या वर्षांनी पुन्हा कानात आलं, आणि आता ही माणसंही विचारतील, ही तर आणलेली ना, असं वाटलं. काजलही माझ्याकडे वळून बघत होती.

सुईनबाईच्या मुलानं मान वर केली. "धानोऱ्याले," तो म्हणाला. "लय अवघड गेलं होतं ते. बाई सांगे, जिंदगीत एवढं अवघड दुसरं नाई झालं."

म्हातारीनं "अस्सं" म्हणून मान डोलावली आणि पोरीला पुढं जायला वाट करून दिली. काजलनं खाली वाकून दोन्ही हातांनी माती घेतली.